चांगले जंतू

१२ नोव्हेंबर २००६, रविवार

पावडर आज मनासारखी जमली. रंग दुधाचा, वास ताज्या ताकाचा, पाण्यात टाकल्यावर गुठळी नाही. प्लेटवर जिवंत जंतू मोजले, तर हवे होते त्याहून जास्तच निघाले.

सगळी नोकरी मी पिंपरीच्या औषध कारखान्यात पेनिसिलिनच्या टाक्या सांभाळण्यात घालवली. म्हणजे धंदा जंतू मारण्याचा. स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा मुक्ता म्हणाली, "आता घरात बसून माझ्या फोडण्या तपासू नका." म्हणून शनिवार पेठेत एका दुकानामागची खोली घेतली आणि जंतू पाळायला लागलो. खडकीत आमच्या सोसायटीत सोजरबाई दही घेऊन यायची. तिच्या दह्यातून हे विरजण मी वेगळं काढलं, वाढवलं, वाळवलं.

सुरुवातीला ही हौस होती. मार्चपासून तिला कारण मिळालं. आमची अपेक्षा, एकुलती एक, हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत आहे. मार्चमध्ये तिला शौचातून रक्त जायला लागलं. पोटाच्या डॉक्टर हुद्दार बाईंनी दुर्बीण घालून पाहिलं आणि सांगितलं, अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला जखमा. शरीर आपल्याच आतड्यात राहणाऱ्या जंतूंवर चिडतं आणि त्या भांडणात अस्तराची वाट लागते. मला ऐकताक्षणी वाटलं, भांडण जंतूंशी असेल तर चांगले जंतू पाठवून मिटवता येईल. ते तर माझ्याजवळ होतेच.

दसऱ्यापासून ती माझी पुडी घेते आहे, सकाळ-संध्याकाळ, कोमट पाण्यातून. रक्त थांबलं. मुक्ता म्हणते, "दसऱ्यालाच बाईंनी गोळ्याही वाढवल्या होत्या ना?" वाढवल्या होत्या. पण गोळ्या त्याआधीही होत्याच.

१८ नोव्हेंबर, शनिवार

अपेक्षाबरोबर हुद्दार बाईंकडे गेलो. बाईंनी कागदावर आकृती काढून समजावलं. आतड्याचं अस्तर म्हणजे एकमेकींना घट्ट चिकटलेल्या पेशींचा एकच थर. त्यावर शेंबडासारखा बुळबुळीत लेप. जंतू त्या लेपाच्या बाहेर राहतात, आपल्याला न पचलेला चोथा खातात, आणि त्यातून जे आम्ल तयार करतात त्यावर या पेशी पोसतात. जोवर जो तो आपल्या जागी आहे तोवर दोघांचंही बरं चालतं. मी म्हटलं, हे मला ठाऊक आहे. बाई हसल्या.

पुडीचं विचारलं. म्हणाल्या, "आजार सौम्य असताना अशा जंतूंचा थोडा उपयोग होतो, असं काही अभ्यासांत दिसलंय. मी नाही म्हणणार नाही." पुढे आणखीही काही म्हणाल्या, गोळ्यांच्या जोडीनेच, त्रास वाढला तर आधी मला विचारा, वगैरे. मुख्य मुद्दा हा की त्या नाही म्हणाल्या नाहीत.

बाहेर आल्यावर मी अपेक्षाला म्हटलं, "ऐकलंस ना?"

"सगळं ऐकलं, बाबा," ती म्हणाली.

३ डिसेंबर, रविवार

शमशुद्दीनभाईंना पुडी दाखवली. त्यांचा औषधांचा घाऊक व्यापार आहे, आजोबांपासूनचा. पेठांमधले निम्मे केमिस्ट त्यांच्याकडून माल घेतात. त्यांनी पुडी फोडली, बोटावर घेऊन चाखली.

"रंगराव, हे ताकच आहे ना?"

"ताकातले निवडक जंतू."

"म्हणजे ताकातले बोर्डात आलेले." मग चष्मा काढून म्हणाले, "लोक विचारतील, गुण कोणाला आला? कोणाचं नाव सांगू, तुमच्या वाळवायच्या यंत्राचं?"

मी म्हटलं, माझ्या मुलीला आला. ते एकदम गंभीर झाले. म्हणाले, मग काही फॅमिली डॉक्टर आणि केमिस्ट मी एका हॉलमध्ये जमवतो, तिला घेऊन या, माणूस समोर दिसला की बोलावं लागत नाही.

घरी अपेक्षाला विचारलं. ती म्हणाली, येईन. मग म्हणाली, "तिथे टॉयलेट जवळ आहे का?" मी म्हटलं, हॉल उत्तम आहे, काळजी करू नकोस.

१६ डिसेंबर, शनिवार

सभा चांगली झाली. इतकं सलग मी कधी बोललो नव्हतो. कारखान्यात बोलायचे ते वरचे साहेब.

शेवटी एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "मुलगी बरोबर दुसरं काही औषध घेते का?" मी म्हणालो, "आता फक्त यावर आहे." हे अगदीच खोटं नाही. चेहरा सुजवणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या बाई कमी करत आणताहेत, महिन्या-दोन महिन्यांनी तसं होणारच आहे. सगळ्यांनी वळून अपेक्षाकडे पाहिलं. तिने मान डोलावली. शमशुद्दीनभाईंनी तिथल्या तिथे सगळा तयार माल मागून घेतला.

परतताना रिक्षात ती डोळे मिटून बसली होती. दमली असेल. खडकी बाजाराशी आल्यावर म्हणाली, "बाबा, आज तुम्ही किती छान बोललात."

७ जानेवारी २००७, रविवार

अपेक्षाचा चेहरा पूर्वीसारखा झाला. त्या गोळ्यांनी गाल फुगले होते ते उतरले. कंपनी तिला मार्चमध्ये अमेरिकेला पाठवणार आहे, व्हिसाच्या फोटोत आता ती आमची अपेक्षा दिसते.

मुक्ता तिच्या कपाटात गोळ्यांची नवी पाकिटं ठेवायला गेली, तर मागची तशीच होती. मला येऊन सांगितलं. मी म्हटलं, म्हणजे गरज उरली नाही.

"असं बाई म्हणाल्या की तुम्ही?"

"तिची तब्येत म्हणते आहे."

"तब्येतीला विचारलंत कधी?" असं म्हणून ती आत गेली. संध्याकाळभर भांडी जरा जोरात ठेवत होती. मुक्ताला माझ्या कामाबद्दल पहिल्यापासून शंका. दोष तिचा नाही, तिने मला कारखान्यातून घरी येणारा माणूस म्हणूनच पाहिलं.

२१ जानेवारी, रविवार

मागणी वाढते आहे. दिवस खोलीतच जातो. घरी लक्ष कमी.

अपेक्षा हल्ली कंपनीच्या बसने जात नाही. म्हणते, बस मध्ये कुठे थांबत नाही. रिक्षाने जाते. घरी जेवण जवळजवळ नाही, ऑफिसात खाऊन येते म्हणाली. अमेरिकेच्या तयारीचं काम वाढलं असेल. नवा पंजाबी ड्रेस तिला ढगळ होतो आहे. मी म्हटलं, तयार कपड्यांची मापं अशीच असतात.

पुडी मात्र ती एकही वेळ चुकवत नाही.

२९ जानेवारी, सोमवार

अपेक्षाला दवाखान्यात दाखल केलं. ऑफिसच्या टॉयलेटमध्ये चक्कर येऊन पडली. तिची मैत्रीण श्रद्धा शेजारच्या टेबलावर काम करते, तिने गाडीत घालून आणलं. अंगात रक्त फारच कमी झालंय.

हुद्दार बाईंनी विचारलं, दिवसातून किती वेळा जावं लागतं? अपेक्षाने डोळे मिटले आणि म्हणाली, "मोजत नाही आता."

"गोळ्या?"

"डिसेंबरात बंद केल्या. सगळ्याच."

मुक्ताने माझ्याकडे पाहिलं. मला खरंच ठाऊक नव्हतं. म्हणजे पाकिटं पडून होती हे ठाऊक होतं.

बाईंनी शिरेतून स्टेरॉइड सुरू केलं. नंतर मला बाहेर विचारलं, "याशिवाय काही देताय तिला?" मी म्हटलं, नाही, घरचं साधं जेवण. पुडी म्हणजे काही औषध नव्हे.

३१ जानेवारी, बुधवार

थर्मासमधून कोमट पाणी नेतो आणि दोन्ही वेळा पुडी देतो. पूर्वी एक द्यायचो, आता दोन. नर्सला ग्लुकोज वाटतं. मुक्ता म्हणाली, "निदान इथे तरी थांबा." मी म्हटलं, आत्ताच तर जास्त गरज आहे.

"आई, देऊ दे गं त्यांना," अपेक्षा म्हणाली आणि तिने ग्लास रिकामा केला. पोरीचा विश्वास अजून आहे.

३ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी थंडी वाजून ताप. पलंग हलत होता. दोन पांघरुणं घातली तरी दात वाजत होते. दोन्ही हातांतून रक्त घेऊन तपासायला पाठवलं. निकाल यायला वेळ लागेल म्हणून बाईंनी अंदाजाने व्हँकोमायसिन हे प्रतिजैविक सुरू केलं.

पुडी आज दिली नाही. तिला गिळवत नव्हतं.

५ फेब्रुवारी, सोमवार

ताप उतरत नाही.

खाली लॅबमध्ये गेलो. तिथला तरुण डॉक्टर सभ्य आहे, कारखान्यातला माणूस म्हणून त्याने मला सूक्ष्मदर्शकातून पाहू दिलं. म्हणाला, "रक्तात वाढ आहे, पण हे बहुधा बाहेरून पडलेलं. निरुपद्रवी दिसतंय."

"दोन्ही बाटल्यांत?"

"हो, दोन्ही."

मी पाहिलं. बारीक जांभळ्या काड्या, एकीला एक जोडून. शेजारी प्लेट उघडी होती. तिला ताकाचा वास येत होता.

जिना चढून वर बाईंच्या खोलीत गेलो. हुद्दार बाई मुक्ताशी बोलत होत्या, लॅब काही म्हणो, ताप खरा आहे. मी जुळवाजुळव करत होतो. असे जंतू सगळ्यांच्याच आतड्यात असतात, हे कुठूनही आले असतील, माझेच असं लगेच म्हणता यायचं नाही, असं काहीतरी. माझं वाक्य होईपर्यंत मुक्ताने पर्स उघडली आणि एक पुडी काढून बाईंच्या टेबलावर ठेवली.

"बाई, हेही देत होते. इथेसुद्धा. रोज दोन्ही वेळा."

मी सांगणारच होतो.

बाईंनी पुडी वाचली. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "रंगराव, हे जंतू कशाने मरतात, तुम्हाला ठाऊक असेल."

ठाऊक होतं. सवयीने मी सगळ्या औषधांवर त्यांची परीक्षा घेतली होती. "पेनिसिलिनच्या जातीच्या कशानेही मरतात," मी म्हटलं. "व्हँकोमायसिनला दाद देत नाहीत."

"शनिवारपासून तेच चालू आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन उचलला.

६ फेब्रुवारी, मंगळवार

अँपिसिलिन सुरू. ज्या घराण्याचं औषध मी इतकी वर्षं टाक्यांतून काढलं ते थेंबथेंब तिच्या हातात जाताना बघत बसलो.

शमशुद्दीनभाईंना फोन केला, माल परत मागवा.

"मागवतो. कारण काय सांगू?"

"सांगा, बनवणाऱ्याने मागितला."

त्यांनी विचारलं, "रंगराव, मुलगी कशी आहे?"

संध्याकाळी स्वतः डबा घेऊन आले. मुक्ताजवळ बसले, माझ्याजवळ नाही.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

ताप गेला, रक्त स्वच्छ झालं. पण मूळ आजार तसाच आहे. स्टेरॉइडला आतडं दाद देत नाही. पोट नगाऱ्यासारखं झालंय. फोटोत मोठं आतडं फुग्यासारखं फुगलेलं दिसतं, कधीही फुटेल म्हणतात. उद्या ते काढून टाकणार.

सही अपेक्षाने स्वतः केली. मी पुढे झालो होतो. ती म्हणाली, "द्या, मी करते."

१० फेब्रुवारी, शनिवार

ऑपरेशन झालं. मोठं आतडं काढलं. लहान आतड्याचं टोक पोटावर बाहेर आणून तिथे पिशवी लावली आहे.

बाईंना गाठून विचारलं, "माझ्यामुळे?"

त्या दमलेल्या होत्या, तरी बाकावर बसल्या. म्हणाल्या, "रक्तातला संसर्ग तुमच्या पुडीमुळे. आतडं गेलं ते आजारामुळे. गोळ्या चालू असत्या तर वाचलं असतं का? कदाचित. त्याहून जास्त मी सांगू शकत नाही."

मी म्हटलं, "जंतू चांगले होते हो."

"चांगलेच होते. धडधाकट माणसाने खाल्ले असते तर आतड्यात राहिले असते आणि बाहेर पडले असते. तिच्या आतड्याला अस्तरच उरलं नव्हतं, रंगराव. नुसत्या जखमा. त्यात आम्ही तिची प्रतिकारशक्ती औषधाने दाबलेली. त्यांना आत काय आणि बाहेर काय, कळायला मध्ये काही राहिलंच नव्हतं."

मग म्हणाल्या, "मी विचारलं होतं तुम्हाला."

२४ फेब्रुवारी, शनिवार

अपेक्षा घरी आली. दुपारी गॅलरीत ऊन घेत बसली होती. मुक्ता आत खिमट करत होती. इतके दिवस मनात होतं ते विचारलं, गोळ्या का बंद केल्यास?

तिला वाटलं मला माहीत असेल. म्हणाली, "तुम्ही सभेत सांगितलंत ना, आता फक्त यावर आहे म्हणून. मी मान डोलावली. मग ते खरं करायला नको?"

"मी आपलं बोलून गेलो होतो."

"मला नाही तसं वाटलं."

"निदान मला विचारायचंस."

"काय विचारू? कारखाना सुटल्यापासून तुम्ही पहिल्यांदा इतके खूश होतात. आधी मला वाटलं, थोडे दिवस बघू. मग रक्त जायला लागलं, तेव्हा वाटलं, आता सांगितलं तर सगळं तुमच्यावर येईल." थोड्या वेळाने म्हणाली, "आणि मलाही ते खरं असायला हवंच होतं की, बाबा."

ती रागावली नव्हती. मी तिच्या रागाची तयारी करून गेलो होतो. ऊन सरकलं होतं, तिची खुर्ची सरकवून दिली.

३ मार्च, शनिवार

अमेरिकेला अपेक्षाच्या जागी श्रद्धा जाते आहे. निरोप घ्यायला आली होती. अपेक्षाने मुक्ताला सांगून तिला मेतकूट बांधून दिलं आणि थंडीचे कपडे काय काय घ्यायचे ते सांगितलं. ते तिने स्वतःसाठी केव्हाच शोधून ठेवलं असणार. श्रद्धा गेल्यावर ती भिंतीकडे तोंड करून झोपली. चहाला उठली नाही.

१८ मार्च, रविवार

खोली रिकामी केली. सगळ्या बाटल्या, मूळ विरजणाची नळीसुद्धा, ऑटोक्लेव्हमध्ये घालून वाफेवर मारल्या. झाकण उघडल्यावर शिजलेल्या दुधाचा वास आला.

शमशुद्दीनभाई दारात उभे होते. म्हणाले, "दोन डॉक्टर विचारत होते. लहान मुलांच्या जुलाबाला गुण येतो म्हणतात. सगळंच कशाला मोडता?"

घरी येऊन हे बोललो. मुक्ता उठून गेली. अपेक्षा म्हणाली, "करा की सुरू. माझ्यासारख्यांनी घेऊ नये, असं पुडीवर छापा म्हणजे झालं."

टोमणा होता की परवानगी, ते मला तिच्या तोंडावरून कळेना. पूर्वी कळायचं असं वाटायचं. आता मागची पानं चाळतो तर दिसतं, पूर्वीही कळत नव्हतं.

सुरू करणार नाही.

२२ एप्रिल, रविवार

मुक्ताच्या भाचीचं वर्ध्याला लग्न आहे. मुक्ता जायला तयार नव्हती, अपेक्षानेच तिला पाठवलं. घरात आम्ही दोघंच. पिशवी बदलायची वेळ झाली की अपेक्षा न्हाणीघराला कडी लावून घेते. आजवर मुक्ताखेरीज कोणाला आत घेतलं नाही. मी कधी विचारलंही नाही.

सकाळी पेपर वाचत होतो. आतून हाक आली, "बाबा, जरा या."

कडी काढलेली होती. ती स्टुलावर बसली होती, पदराचं टोक धरावं तसं कुर्त्याचं टोक दातांत धरून. पिशवी सुटली होती, कडेची कातडी सोलवटून लाल झाली होती. एका हाताने पुसेपर्यंत पुन्हा ओलं होत होतं, त्यामुळे नवी पिशवी नीट बसत नव्हती.

"हात धुऊन या," ती म्हणाली. धुतले. "साबण नको, नुसतं कोमट पाणी. कापसाने पुसा. कोरडं झालं की भोकाचं माप घ्या आणि पिशवी कापा. आई एका बोटाचं अंतर ठेवते, तेवढं नको, कमी."

मी गुडघ्यांवर बसलो. तिच्या पोटावर, बेंबीच्या उजवीकडे, आतड्याचं टोक बाहेर आलेलं होतं, उलटं वळवून शिवलेलं, म्हणजे दिसत होतं ते आतलं अस्तर. लाल, ओलं, चकचकीत. मध्येच ते आपोआप आकसलं आणि पुन्हा सैल झालं. एवढे महिने मी याच्याबद्दल वाचलं, लोकांसमोर उभा राहून बोललो, पण कधी पाहिलं नव्हतं. इतकं नाजूक असेल असं वाटलं नव्हतं.

"घाबरू नका. त्याला दुखत नाही. हात लावलेलाही कळत नाही त्याला."

"मी घाबरलो नाही," मी म्हटलं.

कापूस बुडवला, जवळ नेला. पुढे हात जाईना. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. ती वाट पाहत राहिली. मग तिनेच माझं मनगट धरलं आणि हळूहळू खाली नेलं.